रॅम वाढवली आणि स्क्रीन काळी

जुन्या लॅपटॉपकडून आणखी काही वर्षे काम करून घ्यायचे असेल तर दोन उपाय सर्रास केले जातात. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा एक आणि रॅम वाढवणे हा दुसरा. दुसरा उपाय वरकरणी फारच सोपा वाटतो, कारण त्यात ना डेटा हलवावा लागतो, ना ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकावी लागते. तळाचे झाकण उघडायचे, जुनी पट्टी काढून किंवा रिकाम्या स्लॉटमध्ये नवी बसवायची आणि स्क्रू पुन्हा आवळायचे, एवढेच काम असते. असे असूनही बटण दाबल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो आणि स्क्रीन मात्र काळीच राहते, हा प्रसंग इतक्या जणांवर येतो की दुरुस्तीच्या दुकानांत त्याचे कोणालाच नवल वाटत नाही. अशा वेळी मदरबोर्ड जळाला, असा तर्क सर्वांत आधी केला जातो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो. यंत्र बिघडलेले नसते. त्याने पुढ्यात आलेली मेमरी नाकारलेली असते, आणि या नकाराची कारणे मोजकी व बरीचशी पट्टीच्या लेबलावरच वाचता येण्याजोगी असतात. मात्र ती नीट उमगण्यासाठी, बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत लॅपटॉपच्या आत काय घडते ते आधी पाहावे लागते.

वीज मिळताच प्रोसेसर ज्या पहिल्या सूचना वाचतो त्या रॅममध्ये असू शकत नाहीत, कारण वीज जाताच रॅममधील सारे पुसले जाते. त्या मदरबोर्डवरील एका लहानशा फ्लॅश चिपमध्ये कायमच्या साठवलेल्या असतात आणि त्या सूचनासंचालाच बायोस, किंवा त्याच्या अलीकडच्या रूपाला यूईएफआय, असे म्हणतात. या घटकेला रॅम वापरण्याजोगी झालेलीच नसल्यामुळे बायोसला कामापुरती जागा म्हणून प्रोसेसरच्या आत असलेली कॅशे, म्हणजे अत्यंत जलद पण अगदी थोडी मेमरी, तात्पुरती वापरावी लागते आणि तेवढ्या जागेत राहून खरी रॅम जागी करावी लागते. त्यासाठी तो प्रत्येक पट्टीवर असलेल्या आणखी एका इवल्याशा चिपशी बोलतो. या चिपला एसपीडी म्हणतात. डीडीआर-३ प्रकारच्या पट्टीत तिची क्षमता केवळ २५६ बाइट असते, पण पट्टीची एकूण क्षमता, तिच्यावरील चिपांची रचना, तिला लागणारे व्होल्टेज आणि तिचा वेग ही सगळी माहिती तीत नोंदलेली असते. ही माहिती वाचून बायोस मेमरी कंट्रोलर, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधील देवघेव सांभाळणारा भाग, तिच्याप्रमाणे जुळवून घेतो आणि मग मेमरी ट्रेनिंग नावाचा टप्पा सुरू होतो, ज्यात ठरावीक नमुने रॅममध्ये लिहून ते परत वाचले जातात आणि विद्युतसंकेत नेमक्या कोणत्या क्षणी टिपायचे हे सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही बारीक हिशेबाने ठरवले जाते.

हा सारा खटाटोप पार पडेपर्यंत स्क्रीनवर काहीही येत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. बहुतेक लॅपटॉपांतील ग्राफिक्सचा भाग स्वतःची वेगळी मेमरी न बाळगता मुख्य रॅममधीलच एक तुकडा चित्रासाठी वापरतो, त्यामुळे रॅम जागी झाल्याशिवाय चित्र उमटवायला जागाच नसते. म्हणूनच मेमरीसंबंधीची चूक शब्दांत दाखवणे यंत्राला शक्य नसते आणि ती बीपच्या आवाजांतून किंवा दिव्यांच्या उघडझापीतून कळवावी लागते. थिंकपॅडच्या अनेक जुन्या मॉडेलांत एक बीप, मग थांबून तीन, पुन्हा थांबून तीन आणि शेवटी एक, असा क्रम ऐकू आला की तो रॅमविषयीचा इशारा असतो. डेलच्या जुन्या लॅपटॉपांत दोन बीप म्हणजे रॅम सापडली नाही आणि चार बीप म्हणजे सापडली पण तीत लिहिता-वाचता आले नाही, असा अर्थ होतो, तर त्यानंतरच्या अनेक मॉडेलांत हेच निदान बॅटरीचा दिवा पिवळट आणि पांढऱ्या रंगांत लुकलुकून सांगतो. ॲपलच्या जुन्या मॅकबुकमध्ये दर पाच सेकंदांनी एक बीप आल्यास रॅम बसलेलीच नाही, आणि तीन बीप देऊन पाच सेकंद थांबण्याचा क्रम चालू राहिल्यास बसलेली रॅम तपासणीत नापास झाली, असे समजायचे असते. प्रत्येक कंपनीची ही भाषा वेगळी, किंबहुना एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती बदललेली असते, त्यामुळे नेमक्या मॉडेलची सेवा-पुस्तिका पाहिल्याखेरीज अर्थ लावू नये. पण आवाज किंवा उघडझाप होते आहे, एवढ्यावरूनही प्रोसेसर, फ्लॅश चिप आणि वीजपुरवठा जिवंत आहेत हे कळते, आणि मदरबोर्डाच्या नावाने गळा काढण्याचे कारण उरत नाही.

यात एक सावधगिरी घाईमुळे हटकून विसरली जाते. रॅम बदलल्यानंतरची पहिली सुरुवात नेहमीपेक्षा बराच वेळ घेऊ शकते, कारण आधीच्या पट्ट्यांसाठी जपून ठेवलेले ट्रेनिंगचे निष्कर्ष बाद होऊन सारे नव्याने करावे लागते. काही यंत्रे या भरात स्वतःहून एकदोनदा बंद होऊन पुन्हा सुरूही होतात. डीडीआर-५ असलेल्या नव्या लॅपटॉपांत ही प्रतीक्षा काही मिनिटांची असू शकते, तर डीडीआर-३ च्या काळातील यंत्रांत ती सहसा अर्ध्या मिनिटात संपते, पण दहा सेकंदांत स्क्रीन उजळली नाही म्हणून बटण दाबून धरणे आणि हे पुन्हापुन्हा करत राहणे, याने ट्रेनिंग दर वेळी अर्धवट तुटते. दोन-तीन मिनिटे शांतपणे वाट पाहूनही काही झाले नाही, तरच नकार पक्का धरावा.

नकाराचे सर्वांत साधे आणि सर्वाधिक वेळा आढळणारे कारण म्हणजे पट्टी स्लॉटमध्ये पूर्ण बसलेली नसणे. लॅपटॉपची पट्टी, जिला सो-डिम म्हणतात, डेस्कटॉपच्या पट्टीप्रमाणे सरळ वरून दाबून बसत नाही. ती साधारण तीस अंशांच्या तिरक्या कोनात आत सरकवावी लागते, तिच्या कडेवरील सोनेरी संपर्कांची जेमतेम एक बारीक रेघ बाहेर दिसेल इतकी ती आत गेली पाहिजे, आणि त्यानंतरच ती खाली दाबायची असते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या धातूच्या चापा 'टक्' असा आवाज करून तिच्या खाचांत अडकतात. पुष्कळ जण ती अर्धवट आत घालून खाली दाबतात, चापाही कशाबशा अडकतात आणि पट्टी बसल्यासारखी दिसते. पण दोनशेहून अधिक संपर्कांपैकी एका टोकाचे काही संपर्क टेकलेलेच नसतात. म्हणून पट्टी काढून पुन्हा बसवणे हा उपाय कितीही पोरकट वाटला तरी तो पहिला करावा आणि तो करताना सोनेरी रेघ दोन्ही टोकांना सारखीच जाड दिसते का, हे बाजूने उजेड धरून पाहावे.

संपर्कांवर बोटांचा तेलकटपणा किंवा ओलाव्याने आलेला मळकटपणा असेल तर तो पुसावा लागतो, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे कैक महिने काढलेल्या यंत्राच्या बाबतीत हे काही दुर्मीळ नाही. दुरुस्तीच्या दुकानांत यासाठी खोडरबर वापरण्याची रीत आहे आणि तिने काम होते, हे नाकारता येत नाही. पण खोडरबराच्या घासण्याने आधीच मायक्रोमीटरपेक्षा पातळ असलेला सोन्याचा मुलामा झिजतो, त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडला तर नवेच दुखणे सुरू होते आणि घर्षणातून स्थिरविद्युतही निर्माण होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेले, धागे न सुटणारे कापड हा त्याहून चांगला उपाय आहे, आणि अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत थांबणे हा त्या उपायाचाच भाग आहे.

हे सारे करताना चार्जर काढलेला असणे पुरेसे नाही. लॅपटॉप स्लीपमध्ये असेल तर रॅमला सतत वीज मिळत असते, नाहीतर तिच्यातील मजकूर टिकणारच नाही. आणि पूर्ण बंद केलेल्या यंत्रातही बॅटरी जोडलेली असेपर्यंत मदरबोर्डच्या काही भागांत वीज खेळत असते. अशा स्थितीत पट्टी तिरकी आत घालताना भलतेच संपर्क क्षणभर एकमेकांना जोडले गेले, तर पट्टी किंवा स्लॉटला वीज पुरवणारा भाग खरोखरच जळू शकतो, आणि मग नकाराचे रूपांतर बिघाडात होते. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर ती काढावी. आत बसवलेली असेल तर तिची जोडणी सोडवावी किंवा थिंकपॅडच्या अनेक मॉडेलांत असते तशी बायोसमध्ये ती तात्पुरती निष्क्रिय करण्याची सोय वापरावी, आणि त्यानंतर पंधरा-वीस सेकंद पॉवरचे बटण दाबून धरून उरलीसुरली वीज संपवावी. विदर्भ-मराठवाड्यातील हिवाळ्यासारख्या कोरड्या हवेत अंगावर साचणारी स्थिरविद्युत हाही धोका असतो. माणसाला तिचा चटका जाणवण्यासाठी साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, पण चिपला इजा व्हायला त्याहून कितीतरी कमी पुरतात, म्हणून पट्टीला हात लावण्याआधी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करणे आणि पट्टी केवळ कडांना धरणे आवश्यक ठरते.

पट्टी नीट बसूनही नकार कायम राहिला तर प्रश्न जुळणीचा असतो, आणि खरी गुंतागुंत येथेच आहे. रॅमच्या पिढ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत: डीडीआर-३ च्या सो-डिमला २०४ संपर्क असतात, डीडीआर-४ च्या पट्टीला २६० आणि डीडीआर-५ च्या पट्टीला २६२, आणि प्रत्येकीच्या कडेवरची खाच निराळ्या ठिकाणी असल्यामुळे चुकीच्या पिढीची पट्टी स्लॉटमध्ये शिरतच नाही. पहिल्या डीडीआर आणि डीडीआर-२ या दोन्हींचे संपर्क मात्र २०० असून खाचेच्या जागेत अगदी थोडा फरक होता, त्यामुळे त्या काळच्या यंत्रांत जबरदस्तीने पट्टी घुसवून स्लॉट तोडल्याची उदाहरणे घडत असत. प्रोसेसरच्या पिढीवरून रॅमची पिढी ठरवणेही धोक्याचे असते, कारण इंटेलच्या २०१५ च्या सहाव्या पिढीतील काही लॅपटॉप डीडीआर-३एल घेतात तर त्याच प्रोसेसरचे दुसरे लॅपटॉप डीडीआर-४.

खाच जुळली म्हणजे सगळे जुळले, असे मात्र नाही. डीडीआर-३ ची मूळ पट्टी १.५ व्होल्टवर चालते आणि नंतर आलेली डीडीआर-३एल १.३५ व्होल्टवर, दोघींचा आकार, संपर्क आणि खाच तंतोतंत सारखी असते. डीडीआर-३एल पट्टी १.५ व्होल्टही सहन करील अशीच घडवलेली असल्यामुळे ती जुन्या यंत्रांत सहसा चालते, पण उलट होत नाही: २०१३ पासून आलेल्या चौथ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांचे लॅपटॉप स्लॉटला १.३५ व्होल्टच पुरवतात, आणि त्यांत १.५ व्होल्टची पट्टी बसवली की पंखा फिरतो, स्क्रीन काळी राहते आणि पट्टी दुसऱ्या यंत्रात घातल्यास ठणठणीत निघते. विकणारा म्हणतो पट्टी चांगली आहे, घेणारा म्हणतो लॅपटॉप चांगला आहे, आणि दोघेही खरे बोलत असतात. लेबलावर 'पीसी३' असे छापलेले आहे की 'पीसी३एल', एवढ्या एका अक्षरावर हा वाद मिटतो. त्याच लेबलावर पुढे येणारा १०६०० किंवा १२८०० हा आकडा पट्टीची कमाल देवघेव सेकंदाला किती मेगाबाइट हे सांगतो, आणि त्याला आठाने भागले की साधारणपणे १३३३ किंवा १६०० हा अधिक परिचयाचा वेग मिळतो. वेगातील फरक सहसा सुरुवात अडवत नाही, कारण दोन वेगळ्या वेगांच्या पट्ट्या असल्यास कंट्रोलर दोघींनाही मंद पट्टीच्या वेगाने चालवतो.

व्होल्टेजपेक्षाही जास्त फसवणारी बाब म्हणजे पट्टीवरील प्रत्येक चिपची क्षमता. ती समजण्यासाठी रॅमच्या आत थोडे डोकावावे लागते. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६० च्या दशकात आयबीएममध्ये कल्पिलेल्या डायनॅमिक रॅममध्ये प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युतभाराच्या रूपात राहतो, आणि हा भार सतत गळत असल्यामुळे प्रत्येक कप्पा दर ६४ मिलिसेकंदांत किमान एकदा पुन्हा भरावा लागतो. या क्रियेला रिफ्रेश म्हणतात. कप्पे ओळी आणि स्तंभ अशा जाळीत मांडलेले असतात आणि कंट्रोलर आधी ओळीचा व मग स्तंभाचा क्रमांक पाठवून हवा तो कप्पा गाठतो. चिपची क्षमता वाढली की क्रमांकाचे अंक वाढतात आणि रिफ्रेशला लागणारा वेळही वाढतो: डीडीआर-३ मध्ये २ गिगाबिटच्या चिपला एका रिफ्रेशनंतर १६० नॅनोसेकंद उसंत द्यावी लागते, ४ गिगाबिटच्या चिपला २६० आणि ८ गिगाबिटच्या चिपला ३५०. ज्या काळात कंट्रोलर घडला त्या काळी अस्तित्वात नसलेल्या किंवा विचारात न घेतलेल्या क्षमतेची चिप पुढ्यात आली, तर तिला कोणत्या क्रमांकांनी हाक मारायची, हेच त्याला ठाऊक नसते.

२०१० मध्ये बाजारात आलेल्या, पहिल्या पिढीच्या कोअर आय-३, आय-५ प्रोसेसरांच्या लॅपटॉपांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. थिंकपॅड टी-४१० सारख्या या यंत्रांत चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या, म्हणजे एकूण ८ जीबी, चालतात, असे कंपनीच्या माहितीपत्रकात म्हटलेले आहे आणि ते खरे आहे. पण त्यांचा मेमरी कंट्रोलर २ गिगाबिटपर्यंतच्याच चिपा ओळखतो. चार जीबी म्हणजे ३२ गिगाबिट, तेव्हा तेवढ्यासाठी २ गिगाबिटच्या सोळा चिपा लागतात, आणि त्या काळच्या चार जीबीच्या पट्ट्या तशाच बनत. पुढे ४ गिगाबिटच्या चिपा स्वस्त झाल्या आणि तीच चार जीबीची पट्टी आठ चिपांत मावू लागली. आज दुकानात जाऊन 'चार जीबी, डीडीआर-३, १३३३' एवढेच मागितले तर बहुधा ही आठ चिपांची पट्टी हाती पडते; तिची पिढी, क्षमता आणि वेग सगळे माहितीपत्रकाशी जुळते, आणि तरीही लॅपटॉप एकतर सुरूच होत नाही किंवा क्वचित अर्धीच क्षमता दाखवतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पट्टी घेताना 'सोळा चिपवाली' असे म्हटले तर जाणत्या दुकानदाराला एवढ्यावरच ग्राहकाकडे कोणत्या काळचे यंत्र आहे याचा अंदाज येतो.

चिपा मोजताना दोन्ही बाजू पाहाव्यात, कारण काही आठ-चिपी पट्ट्यांवर त्या चार-चार अशा दोन्हीकडे विभागलेल्या असतात आणि पट्टी दोन्ही बाजूंनी भरलेली दिसते. शिवाय कडेची ती इवलीशी एसपीडी चिप मोजणीत धरायची नाही. लेबलावर '१ आर × ८' असे लिहिले असेल तर आठ चिपांचा एकच गट आहे, आणि '२ आर × ८' असेल तर आठ-आठांचे दोन. पुढच्या पिढ्यांतही हाच अडसर वेगळ्या आकड्यांनी येतो: दुसऱ्या ते चौथ्या पिढीचे कोअर प्रोसेसर ४ गिगाबिटच्या चिपा ओळखतात, त्यामुळे त्यांत सोळा चिपांची ८ जीबीची पट्टी चालते, पण ८ गिगाबिटच्या चिपांनी बनलेली १६ जीबीची एकच डीडीआर-३एल पट्टी चालत नाही, ती इंटेलच्या यंत्रांत पाचव्या पिढीपासून चालू लागली. ऑनलाइन विक्रीच्या पानावर चिपांची रचना बहुधा दिलेलीच नसते, ही या व्यवहारातील मोठी उणीव आहे आणि परत केल्या जाणाऱ्या कितीतरी पट्ट्या केवळ तिच्यामुळे परत येत असाव्यात.

कंपनीने सांगितलेली कमाल मर्यादा आणि खरी मर्यादा यांतही फरक असतो, पण तो दोन्ही दिशांनी असू शकतो. २०१२ च्या १३ इंची, डिस्क-ड्राइव्ह असलेल्या मॅकबुक प्रोसाठी ॲपलने ८ जीबी ही मर्यादा सांगितली होती, तरी त्यात १६ जीबी सुखाने चालते, कारण त्या काळी ८ जीबीच्या पट्ट्या फारशा प्रचलित नव्हत्या आणि कंट्रोलरला त्यांचे वावडे नव्हते. याउलट २००६ च्या सुमारास आलेल्या इंटेल ९४५ चिपसेटच्या लॅपटॉपांत दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या बसतात, परंतु तो चिपसेट चार जीबीच्या पत्त्यांपलीकडे पाहू शकत नाही आणि त्या पत्त्यांतलाही काही भाग ग्राफिक्स व इतर उपकरणांसाठी राखून ठेवावा लागत असल्यामुळे प्रत्यक्षात तीन जीबीच्या आसपासच हाती लागते. तेव्हा विक्रीपत्रकातील आकड्यापेक्षा चिपसेट किंवा प्रोसेसरच्या तांत्रिक पत्रकातील आकडा अधिक भरवशाचा.

कारण कोणतेही असो, ते शोधण्याची रीत एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची आहे. प्रथम नवी पट्टी काढून जुनीच जुन्या जागी बसवावी. लॅपटॉप सुरू झाला तर मदरबोर्ड शाबूत आहे, हे निश्चित होते आणि मनावरचा निम्मा भार उतरतो. मग जुनी बाजूला ठेवून नवी एकटी त्याच स्लॉटमध्ये घालावी. ती एकटीनेही सुरू झाली, पण दोघी मिळून होत नसतील, तर दोघींपैकी कोणीच वाईट नसून त्यांची जोडी जुळत नाही, असा अर्थ होतो. नवी एकटी कोणत्याच स्लॉटमध्ये चालत नसेल तर दोष तिच्यात किंवा तिच्या रचनेत असतो. आणि जुनी पट्टी एका स्लॉटमध्ये चालून दुसऱ्यात चालत नसेल तर दोष त्या दुसऱ्या स्लॉटचा, जो कदाचित वर्षानुवर्षे रिकामा राहून धुळीने भरलेला असतो. काही यंत्रांत एकच पट्टी असल्यास ती ठरावीक स्लॉटमध्येच असावी लागते, तर काहींत दुसरा स्लॉट कीबोर्डखाली दडलेला असतो. थोडी रॅम मदरबोर्डवरच डाखलेली असेल तर तिच्या एकटीवर यंत्र सुरू होते का, हीही चाचणी आपोआपच उपलब्ध होते.

जुन्या पट्टीवर यंत्र सुरू झाले की त्या संधीचा फायदा घेऊन दोन कामे उरकावीत. सीपीयू-झेड सारख्या प्रोग्रॅमने जुन्या पट्टीची एसपीडीमधील माहिती वाचून तिचे व्होल्टेज, गटांची संख्या आणि उत्पादनक्रमांक टिपून घ्यावा, म्हणजे नवी पट्टी कोणाशी जुळवायची हे कळते. आणि कंपनीच्या संकेतस्थळावर बायोसची नवी आवृत्ती असेल तर ती याच वेळी घालावी, कारण अशा आवृत्त्यांत कधी कधी नव्या पट्ट्यांशी जुळवून घेण्याच्या सुधारणा असतात आणि नवी पट्टी बसलेली असताना त्या घालता येत नाहीत. बायोसमधील जुळण्या मूळपदावर आणण्यासाठी मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची लहान बॅटरी काही मिनिटे काढून ठेवण्याचा उपायही अनेकदा लागू पडतो. मात्र विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर बायोसमधील बदलांनंतर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, म्हणून ही की आधी शोधून कागदावर उतरवून ठेवावी.

यंत्र कंपनीचे चिन्ह दाखवते पण विंडोजमध्ये पोहोचत नाही, ही अवस्था यापेक्षा निराळी आहे, कारण येथे रॅम ओळखली गेलेली असते. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे, जिच्यामुळे 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलून रॅममध्ये ठेवला जातो. मधल्या काळात रॅमची मांडणीच बदलली असेल तर हा गोठवलेला गाभा तिच्याशी जुळत नाही. म्हणून पट्टी बदलण्याआधी शिफ्टची कळ दाबून धरून 'शट डाउन' करावे, म्हणजे यंत्र खरोखर बंद होते. ३२-बिट विंडोजमध्ये चार जीबीपैकी साडेतीनच्या आत-बाहेर जागा दिसणे हा दोष नव्हे, ती त्या आवृत्तीची मर्यादा आहे.

विंडोज सुरू होऊन मधूनच निळ्या स्क्रीनवर कोसळत असेल, किंवा फाइली विनाकारण खराब होत असतील, तर पट्टीतील काही कप्पे सदोष असण्याची शक्यता धरून मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवावा. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी सुरू होत असल्यामुळे जवळजवळ सगळी रॅम त्याला तपासता येते, आणि त्याला एक पूर्ण फेरी करायला जुन्या यंत्रावर एखादा तासच नव्हे, काही तासही लागू शकतात. विंडोजमध्येही अशी चाचणी आहे, पण ती तितकी कसून होत नाही. यांपैकी कोणत्याही चाचणीत एकही चूक दाखवली गेली तर पट्टी बदलावी. हजारो बिटांत एखादा चुकला तर काय बिघडते, हा विचार येथे कामाचा नाही, कारण तो एक बिट उद्या कोणत्या फाइलमध्ये पडेल हे कोणालाच सांगता येत नाही.

जुनी पट्टी जुन्या जागी बसवूनही लॅपटॉप सुरू झाला नाही, तर मात्र शोध रॅमच्या पलीकडे न्यावा लागतो. आधी झाकण उघडताना आणखी काय हलले ते पाहावे: कीबोर्डची पातळ पट्टीवजा केबल, पॉवर बटणाची जोडणी, बॅटरीचा प्लग, एखादा भलत्या भोकात गेलेला लांब स्क्रू. मग टॉर्चच्या उजेडात स्लॉटच्या आतील बारीक पिना एका रेषेत आहेत का हे तपासावे, कारण एखादी पिन वाकून शेजारणीला टेकलेली असेल तर कोणतीही पट्टी चालणार नाही, आणि अशी पिन सरळ करणे भिंगाखाली सराईत हातानेच जमते. इतके करूनही पंखाच फिरत नसेल किंवा दिवाच लागत नसेल, तर रॅमला वीज पुरवणारा भाग किंवा त्यामागचे काही गेलेले असण्याची शक्यता असते आणि हे काम चिप-पातळीवरील दुरुस्ती करणाऱ्याचे असते. दहा-बारा वर्षांच्या यंत्राबाबत त्याचा खर्च बऱ्याचदा यंत्राच्या किमतीच्या घरात जातो. अशा वेळी डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालावी आणि दुसऱ्या संगणकावर तिच्यातील डेटा उतरवून घ्यावा. ती बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तो दुसरा संगणकही तीच ४८ अंकी की मागेल.